श्वानपालन : खंडाळा तालुक्यापुरते

श्वानपालनाची सुरुवात पिल्लापासून होत नाही, नावापासून होते. पिल्लू अजून आईला पीत असते तेव्हाच इकडे घरात नावावरून दोन तट पडलेले असतात. पूर्वी खंडाळा तालुक्याचे मोती, वाघ्या, राजा आणि खंड्या एवढ्यावर भागत असे. शिरवळ-केसुर्डीकडे कारखाने आले, महामार्ग रुंद झाला, शेताच्या बांधावर सोसायट्या उठल्या, आणि ब्रुनो, लिओ, सिंबा हे येथील कायमचे रहिवासी झाले. कुत्र्याला नावाचे सोयरसुतक नसते. हाक मारणाऱ्याच्या हातात काय आहे ते पाहून ते ओ देते. नाव शेजाऱ्यांसाठी ठेवलेले असते. प्रस्तुत लेखकाने आपल्या गावठी कुत्र्याचे नाव 'कौटिल्य' ठेवले, ते घरमालकाचा व्यासंग गल्लीला कळावा म्हणून. गल्लीने त्याचे 'कवट्या' केले. तेव्हापासून लेखकाची पदवी, हुद्दा आणि दोन पुस्तके बाजूला पडून पारगाव-खंडाळ्याच्या स्टँडपर्यंत त्याला 'कवट्याचे काका' म्हणून ओळखले जाते.

नावामागोमाग वंशावळ येते. पिल्लू महामार्गावरच्या ढाब्यामागे सापडलेले असले तरी 'शेफर्ड क्रॉस आहे' असे सांगण्याचा प्रघात आहे. वंशाचा सगळा मोठेपणा बापाकडून आलेला असतो. आईबद्दल काही सांगायची सोय नसते, कारण ती ढाब्यामागे बसलेली सगळ्यांना दिसते. ऐपतदार पालक थेट हस्की आणतात. सैबेरियातल्या बर्फात गाड्या ओढण्यासाठी घडलेल्या या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या तळव्यांना. बाकीची उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. वैशाखात पत्र्याखाली धापा टाकणाऱ्या या पाहुण्याकडे बोट दाखवून मालक 'बघा कसा हसतोय' असे म्हणतो. त्याच वेळी मेंढरे घेऊन निघालेल्या धनगराचे कुत्रे बाभळीच्या सावलीत निवांत पडलेले असते आणि त्याची जात कोणी विचारत नाही. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ हाउंड, राजपालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग या चार देशी जातींची तिकिटे काढली, तेव्हा पत्रे लिहिणे जवळपास थांबले होते. देशी कुत्र्याच्या नशिबात मान येतो तोही असा उशिरा.

मानाचा विषय निघालाच आहे, तर साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा टाळून पुढे जाता येत नाही. जाता येते, पण प्रस्तुत लेखकाला जायचे नाही. लोकांच्या तोंडी या कुत्र्याचे नाव खंड्या. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवले, असे सांगतात. साताऱ्यात काही वर्षे कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातल्या हकिकतीनुसार थाटामाटाची हौस असलेल्या सरदारांना भर दरबारात भेटताना शाहूंनी स्वतः साधेच राहून कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि दागिने चढवले आणि आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले. पुढे त्याच्या नावाने जहागीर झाली, पालखीचा मानही मिळाला.

इतिहासकार इथे थांबतात. खरे प्रश्न इथूनच सुरू होतात. पालखीत कुत्रा बसतो की उभा राहतो? वाटेत मांजर दिसल्यास भोयांनी काय करायचे, याची काही शिस्त होती का? जहागिरीचा हिशेब तपासायला कारकून आला तर जहागीरदार त्याच्यावर भुंकत असत का, आणि भुंकल्यास ती हरकत समजायची की मंजुरी? जरीचा अंगरखा अंगाला खाजू लागल्यावर मागच्या पायाने मान खाजवण्याची दरबारात मुभा होती का? आणि मुख्य म्हणजे समोर उभ्या असलेल्या सरदारांनी मुजरा नेमका कुणाला केला? या प्रसंगावरून प्रस्तुत लेखकाने कवट्याला घरातला फेटा बांधून पाहिला. कवट्याने तो सोडवला आणि पलंगाखाली नेऊन ठेवला. जरतारी फेट्याबद्दल साताऱ्याच्या दरबाराचे आणि त्याचे मत सारखेच दिसते.

या विनोदाच्या तळाशी मात्र आणखी काही आहे. रायगड पडल्यावर १६८९ साली शाहू लहानपणीच मोगलांच्या हाती लागले आणि १७०७ साली सुटले. अठरा वर्षे ज्याच्या भोवती हुकमाचा पहारा होता, त्याला पगाराशिवाय राखण करणारा प्राणी कसा दिसला असेल, याची कल्पना करता येते. संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. खंबाटकी घाट उतरून साताऱ्याला जाणाऱ्या श्वानपालकाने तिथे थांबावे. सोबत आपले कुत्रे असल्यास त्याला पट्ट्याला धरावे, कारण समाधी आणि खांब यांत ते फरक करत नाही.

जहागीर नसलेल्या कुत्र्याचा पहिला हक्क लसीचा. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, मग बूस्टर, मग दर वर्षी एक. या बाबतीत तालुक्याला सबब सांगायची सोय नाही, कारण १९८८ पासूनचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय शिरवळलाच आहे. तरीही लसीचे कार्ड मागितले की बहुतेक घरांत विजेच्या जुन्या बिलांची चळत उपसली जाते आणि शेवटी 'आमचा चावत नाही' हे प्रमाणपत्र तोंडी दिले जाते. चावत नाही हे मालकाचे मत असते. कुत्र्याचे मत प्रसंगी कळते.

चावल्यानंतरचे शास्त्र सोपे आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. लस दंडात देतात. 'पोटात चौदा' हा प्रकार वीसेक वर्षांपूर्वीच बंद झाला. तो फक्त कट्ट्यावर चालू आहे. तरीही अजून जखमेवर तिखट भरतात, चुना लावतात, हळद दाबतात, आणि कोणत्या तरी गावच्या उताऱ्याला जाण्यात दोन दिवस घालवतात. इथे विनोद संपतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. आणि लुई पाश्चरने या रोगावरची लस जोसेफ माइस्टर या पोराला टोचली ते साल १८८५ होते. इतकी वर्षे उपाय हाताशी असताना तिखटाच्या डब्याकडे वळणारा हात पाहिला की लेखकाची भाषा पाठ्यपुस्तकी राहत नाही.

खाण्याचा नियम लोणंदच्या कांद्यापाशी सुरू होतो. लोणंदच्या बाजारातला कांदा माणसाने अभिमानाने खावा, कुत्र्याला मात्र घालू नये. कांद्या-लसणातली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने त्यांचा दोष जात नाही. म्हणजे रविवारचा उरलेला मटणाचा रस्सा भाकरीवर ओतून देण्यात जे प्रेम असते, ते कुत्र्याच्या अंगाशी येते. शिजलेली हाडे फुटून टोकदार होतात, त्यामुळे तीही नकोत. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट हृदयाला. हे सगळे ऐकून घरातले वडीलधारे 'आमच्या मोत्यानं जन्मभर रस्साच खाल्ला' असे सांगतात. मोती किती वर्षे जगला, हे विचारले की विषय पावसाकडे वळतो.

फिरवणे हा श्वानपालनाचा सार्वजनिक भाग. सायंकाळी निघालेल्या पालकाची पावले संथ असतात, पट्टा ऐटीत धरलेला असतो आणि कोणी 'केवढ्याला घेतला' असे विचारावे म्हणून चेहरा मोकळा ठेवलेला असतो. मग कुत्रे कुणाच्या तरी सारवलेल्या ओट्यासमोर थांबते, दोनदा गोल फिरते, पाठ वाकवते आणि क्षितिजाकडे पाहू लागते. नेमक्या याच क्षणी मालकाला फोन येतो. तो वाजलेला कुणी ऐकत नाही, पण मालक 'हां, बोला बोला' म्हणत पाठ वळवतो. फोन संपतो तेव्हा कुत्र्याचेही उरकलेले असते. प्रस्तुत लेखकाला असे फोन फार येत. समोरच्या काकूंनी एकदा दारातूनच आवाज दिला, 'कवट्याचे काका, फोन ठेवा आन् आधी ते उचला की.' उचलायचे साधन महागडे लागत नाही. दुधाची पिशवी एका बाजूने कापून धुऊन वाळवायची, हातमोज्यासारखी हातात चढवायची, उचलायचे, तीच पिशवी उलटी करून गाठ मारायची आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायची. या कृतीत कुठेही ऐट आणता येत नाही. हातात गाठोडी घेऊन परतणाऱ्या माणसाला कुत्र्याची किंमतही कोणी विचारत नाही.

पट्ट्याचे कारण कायद्यातही आहे. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची खबरदारी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उलट बाजूने, कुत्र्याला सतत साखळीला बांधून ठेवणे आणि मोकळे न फिरवणे हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. 'आमचा कधी गेटाबाहेर जात नाही' हे जे कौतुकाने सांगितले जाते, ते कायद्याच्या नजरेत कबुलीजबाबाच्या जवळ जाते.

भटक्या कुत्र्यांना घालणारे आणि हाकलणारे असे प्रत्येक आळीत दोन पक्ष असतात आणि दोन्ही पक्षांना आपण कायद्याच्या बाजूने आहोत असे वाटते. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख भटकी कुत्री मोजली गेली. २०२३च्या नियमांप्रमाणे त्यांना घालायचे ते ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी. जिन्यात, प्रवेशद्वाराशी किंवा मुले खेळतात तिथे नव्हे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही खाऊ घालण्याच्या जागा नेमून देण्यास सांगितले आणि नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली वा आक्रमक नसतील तर, मूळ जागी सोडण्यास परवानगी दिली. शेजाऱ्याच्या दारात भाकरी टाकून पुण्य आपल्या खात्यावर जमा करण्याची पद्धत या दोन्हींत बसत नाही.

नसबंदीबाबत मात्र पालकांचा सूर एकदम हळवा होतो. 'एकदा तरी आई होऊ दे तिला' असे म्हणणारे नंतर पिल्लांसाठी घरे शोधत फिरतात. कुत्रीला साधारण त्रेसष्ट दिवस जातात. सहा पिल्ले सहज होतात. ओळखीचे लोक दोन नेतात. उरलेल्या चारांचे काय होते, ते घाटात दिसते. पावसाळ्याच्या तोंडाला खंबाटकीच्या वळणावर गाडी थांबते, मागचे दार उघडते, पट्टा काढून घेतला जातो आणि दार लागते. नुसती पिल्लेच नाहीत. वर्षा-दीड वर्षाची, आजारी पडलेली, बदलीच्या गावी न्यायची नसलेली, वाढल्यावर फोटोत गोड न दिसणारी कुत्रीही तशीच सोडली जातात. गावठी कुत्रे दोन दिवसांत ढाबा शोधते. घरात वाढलेले शोधत नाही. गाडी जिथे थांबली तिथेच ते बसते आणि त्या रंगाची प्रत्येक गाडी आली की उठून चार पावले पुढे येते. महामार्गावर चार पावले पुरेशी होतात. उपाशी तहानलेले राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणे हाही १९६०च्याच कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. पट्टा काढून घेणाऱ्या मालकाला तो पट्टा याहून महाग पडलेला असतो, म्हणूनच बहुधा तो काढून घेतो.

राहिला प्रवासाचा प्रश्न. घर बंद करून कुठे जायचे झाल्यास कुत्र्याची सोय आधी लावावी लागते. शेजारी दोन दिवस सांभाळतात, तिसऱ्या दिवशी सांभाळलेले सांगत फिरतात. लोणंदहून पुणे-मिरज मार्गाने रेल्वेने न्यायचे, तर रेल्वेच्या नियमांत दोन वाटा आहेत. वातानुकूलित प्रथम वर्गातला अख्खा कूपे आरक्षित करून कुत्र्याला सोबत बसवायचे, किंवा गार्डच्या डब्यातल्या पेटीत द्यायचे. पहिली वाट मालकाला झेपत नाही, दुसरी कुत्र्याला. त्यामुळे नात्यातल्या लग्नांना श्वानपालकांच्या घरातून एक माणूस कमी जातो, आणि तो कोण असावा यावर आठ दिवस आधीपासून वाद होतो. हा वाद वरवर कुत्र्याच्या काळजीपोटी असतो. सासुरवाडीच्या लग्नाला न जाण्याचे याहून सभ्य कारण अजून कोणाला सुचलेले नसल्याने माघार मात्र कोणीच घेत नाही.