पादुका आत, चपला बाहेर

यात्रेतल्या सेवेलाही उतरंड असते, आणि ती सोसायटीच्या निवडणुकीपेक्षा कडक असते. सर्वांत वर तुपाची तपेली. ती धरायला मंडळाच्या अध्यक्षांचा भाचाच लागतो. त्याखालोखाल हुग्गीची बादली, मग भात, मग आमटी. मीठ-चटणी वाढणारा म्हणजे नुकता भरती झालेला शिपाई. माइकवाला या सगळ्यांहून वेगळा. त्याला कोणी नेमत नाही, तो माइकसकटच जन्माला येतो. पाहुण्यांना शाल-नारळ द्यायला तर इतके हात पुढे येतात, की पाहुणा कोण हे फोटो दोनदा पाहिल्यावर कळते. ही सगळी पदे भरली की यादीच्या तळाशी दोन जागा उरतात. उष्ट्या पत्रावळी आणि चप्पल स्टँड. भालकी, औराद, बसवकल्याणकडून पौर्णिमेला गाणगापूरला निघणाऱ्या आमच्या मंडळांत या दोन जागांसाठी कोणी वशिला लावल्याचे ऐकिवात नाही.

पत्रावळींबद्दल पुन्हा कधीतरी. आज चप्पल स्टँडची जाहिरात करायची आहे, कारण इतक्या सुखाची जागा रिकामी पडलेली बघवत नाही.

पहिले सुख म्हणजे तिथे उद्घाटन नसते. पाणपोईचे उद्घाटन होते, महाप्रसादाचे होते, आरोग्य शिबिराचे तर रुग्णांना उन्हात ताटकळत ठेवून होते. चप्पल स्टँडची फीत कापायला मात्र एकही आमदार फिरकत नाही. त्यामुळे हे खाते वेळेवर सुरू होते. फोटोही कोणी काढत नाही, म्हणजे केस विंचरायला नकोत की पोट आत ओढायला नको. शिवाय अनुभवी मनुष्यबळाची स्पर्धा शून्य. वर्षभर पुढाऱ्यांचे जोडे उचलणाऱ्या कार्यकर्त्याला यात्रेत भाविकांचे जोडे उचला म्हणून सांगून बघा, त्याच्या पाठीत तत्काळ उसण भरते.

राष्ट्रीय सेवा योजनेची पोरे येतात, ती बरी. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा करायची आणि ब्रीदवाक्य ‘मी नव्हे, तुम्ही’. चप्पल स्टँडची पाळी आली की हे ब्रीद प्रत्येक स्वयंसेवकाच्या तोंडी आपोआप येते. ‘मी नव्हे, तुम्ही उभे राहा!’ एवढ्या मनापासून ते इतर कुठे म्हटले जात असेल असे वाटत नाही. पण या पोरांना एक हिशेब अजून कळलेला नाही. वाढप तासा-दीड तासात उरकते. चपलांना सुट्टी नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत सलग बसा, तास झपाट्याने भरतात, तेही बसून.

आता गंमत अशी, की आमच्या बिदर-कलबुर्गी या दोन जिल्ह्यांइतकी पादत्राणांची पुण्याई असलेला दुसरा मुलूख दाखवा. भीमा-अमरजेच्या संगमाजवळच्या गाणगापूरला आपण रांग लावतो ती नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांसाठी. बिदरला खाऱ्या पाण्याने गांजलेल्या लोकांची दया येऊन गुरू नानकांनी डोंगरकडेला खडाव टेकवली आणि गोड्या पाण्याचा झरा फुटला, असे सांगतात. नानक झिरा तो हाच. आणि बसवकल्याणला हरळय्या. बाराव्या शतकातला हा चांभार शरण. त्याने बसवण्णांना ‘शरणु’ म्हटले, बसवण्णांनी उलट ‘शरणु शरणार्थी’ म्हटले. एका नमस्काराला दोन मिळाले, हे ऋण फेडायचे कसे? हरळय्या आणि कल्याणम्मा या नवराबायकोने आपल्याच मांडीचे कातडे काढून जोडे शिवले, आणि बसवण्णांनी ते पायात न घालता डोक्यावर घेतले, अशी कथा आहे. पुढे हरळय्याच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा बिज्जळाच्या राज्यात दोन्ही व्याह्यांना देहदंड झाला.

२०१९ मध्ये सरकारने अख्ख्या हैदराबाद-कर्नाटकाचे नाव कल्याण कर्नाटक केले. ‘कायकवे कैलास’, म्हणजे काम हाच कैलास, असे फ्लेक्सवर झळकते, खाली अध्यक्षांचा गॉगलमधला फोटो. आणि चप्पल स्टँडच्या यादीत कोणत्या गल्लीतली नावे येतात, ते वाचकांना सांगायला नकोच. जोडे डोक्यावर घेणे भाषणात सोपे असते, ड्यूटी लावताना लोक आडनाव विचारतात.

शिखांकडे हे कोडे सुटलेले दिसते. गुरुद्वाऱ्यातले जोडा घर ही त्यांच्यात मानाची सेवा. मोटारीतून उतरलेला माणूस खाली बसून परक्याचे जोडे पुसतो आणि हात जोडून बिल्ला देतो. आमचे लोक नानक झिऱ्याला जातात, लंगरमध्ये जेवतात, भारावतात आणि परत येऊन तुपाची तपेली मागतात.

भाषेचा प्रश्न तर स्टँडवर उद्भवतच नाही. १९५६ पासून आम्ही म्हैसूरचे, म्हणजे आताच्या कर्नाटकाचे; महाराष्ट्राचा ८६५ गावांवरचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. बिल्ल्याच्या आकड्याला यातले काहीच माहीत नसते. ‘इल्ली इड्री’ म्हटले की लातूरची मावशीही चप्पल तिथेच ठेवते आणि ‘इथं ठेवा की’ म्हटले की अफझलपूरचे अज्जाही. पाय कोणत्या राज्याचा आहे हे टाचेच्या भेगांवरून सांगून दाखवा.

फक्त आळंदकडचे म्हातारे सांभाळावेत. त्यांचा बिल्ल्यावर विश्वास नसतो. असा एक म्हातारा डावी चप्पल पहिल्या खणात ठेवतो, उजवी पार टोकाला गोणीखाली सरकवतो. जोडी नसली की चोर नेत नाही, हे त्याचे शास्त्र. शास्त्र बरोबर आहे. पण दर्शन, संगम आणि महाप्रसाद उरकेपर्यंत गोणी कोणती हे तोच विसरतो, आणि मग सगळे स्टँड ओणवे होऊन एकट्या उजव्या चपलेचा शोध घेते. सापडली की तो आधी चप्पल झटकतो, मग आपल्याकडे संशयाने बघतो.

त्याच्यावर ओरडायची सोय नाही. गाणगापुरात दुपारी खुद्द दत्त महाराज कोणत्याही वेषात माधुकरीला येतात, अशी श्रद्धा आहे. तुपाच्या तपेलीजवळ ते येतील की नाही सांगता येत नाही; तिथे गर्दी फार, आणि भाचा ओळखीशिवाय वाढत नाही.

तेव्हा मार्गशीर्षातल्या दत्त जयंतीसाठी इच्छुकांनी आपल्या मंडळाकडे आतापासून नावे द्यावीत. वयाची अट नाही, शिफारस नको, आडनाव विचारले तर सांगू नये. येताना एक जुने फडके आणि बसायला पोते आणावे. ज्यांना हेही जमणार नाही, त्यांनी निदान दोन्ही चपला एकाच खणात ठेवाव्यात आणि बिल्ला हरवू नये.