माळकरी घरातला गळकरी

ज्या मुलखाला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथं पाण्यातल्या माशाला पिसांची खोटी माशी दाखवून फसवायचा छंद जडणं म्हणजे मुळातच धाडस. पण नांदेड-लातूरकडं अशी माणसं आहेत. मोजकीच, तालुक्याला एखादं. म्हणून तर चटकन ओळखू येतात. बहुधा निवृत्त गुरुजी, नाहीतर पाटबंधारे खात्यातून सुटलेला माणूस, क्वचित लातूरचा एखादा दातांचा डॉक्टर. डॉक्टरांची काठी परदेशातून आलेली असते आणि बारमाही कपाटावर असते, तेव्हा त्यांना इथंच रामराम. अस्सल नमुना गुरुजींचा.

गुरुजींच्या घरात तीन पिढ्यांची माळ. आषाढीची वारी चुकत नाही, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. उंबऱ्याच्या आत मासा येणं सोडाच, माशाचं चित्र असलेलं कॅलेंडरही बाई परत पाठवतात. स्वतः गुरुजी केकमध्ये अंडं आहे का, हे दोनदा विचारून मगच तोंडात घालतात. मग धरलेल्या माशाचं करतात काय? सोडून देतात. गावाचं आणि त्यांचं फाटतं ते इथं.

"किती घावले, गुरुजी?"

"तीन."

"कुठायत?"

"सोडले."

समोरचा गाडीचं इंजिन बंद करतो. विषय आता सवडीनं घ्यायचा असतो. "सोडायचे होते तर धरले कामून?"

पायथागोरसचा सिद्धांत झोपेत सिद्ध करणारे गुरुजी या प्रश्नापुढं आजवर टिकलेले नाहीत. "अरे, क्रिकेटवाले मॅच संपल्यावर बॉल घरी नेऊन खातात का?" हे त्यांचं हुकमी उत्तर. पण ऐकणारा मराठवाड्याचा असतो. "बॉल शिजत न्हाई, गुरुजी," एवढं म्हणून तो किक मारतो.

धरणावरच्या फेऱ्यांपेक्षा गुरुजींचा खरा प्रपंच घरच्या टेबलावर चालतो. टेबलाच्या कडेला लोहाराकडून करून घेतलेला छोटा शिकंजा. त्यात गळ घट्ट आवळायचा. नाकावर चष्मा, चष्म्यावर अजून एक चष्मा. गळाच्या दांड्यावर काळा रेशमी दोरा गुंडाळत मागं न्यायचा, मोरपिसाचे दोन केसर त्यात अडकवायचे आणि पुढं वळवत आणायचे, की किड्याचं हिरवट, लवदार पोट तयार. मग कोंबड्याच्या मानेचं एक निमुळतं पीस दांड्याभोवती दोन-तीन वेढे फिरवलं की त्याचे केस चहूबाजूंनी ताठ उभे राहतात, ते पाय. शेवटी तोंडाशी गाठ आणि गाठीवर नातीच्या नेलपॉलिशचा एक थेंब. हे सगळं हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत. एवढ्यात पंखा कुणी लावला तर गुरुजींच्या तोंडून जे शब्द येतात, ते कुठल्याच गाथेत नाहीत.

बाई फोनवर बहिणीला सांगतात, "माशी बांधूलालेत." पलीकडून विचारणा होते, "म्हैस कवा घेतली?"

सामान जमवण्यातही भानगडी. मोराची गळालेली पिसं शेतात सापडतात, जर बाईंच्या जुन्या लुगड्याच्या काठातून निघते (बाईंना ती लुगडं नेसताना कळते). अडचण कोंबड्याची. बाजारात जाऊन "मांस नको, काळ्या कोंबड्याच्या मानेची पिसं तेवढी द्या," असं म्हणणारा माळकरी म्हातारा पाहिल्यावर नांदेडकडच्या माणसाच्या मनात एकच गोष्ट येते : भानामती. एकदा कोंबडीवाल्यानं पिसं तर दिली नाहीतच, वर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून दिली. त्या कायद्याच्या प्रचारासाठी गुरुजींनीच गावात शाळेच्या पोरांची फेरी काढली होती.

याच पिसांवरून गुरुजींचा अभिमान जागा होतो. इंग्रज साहेब सालमन माशासाठी जी नटवी फ्लाय, म्हणजे हीच खोटी माशी, बांधायचा, तिच्या गालावर आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं ठिपकेदार पीस लागायचं. "सह्याद्रीचा कोंबडा आणि स्कॉटलंडची नदी!" म्हणून गुरुजी मांडीवर थाप मारतात. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो कोंबडा सुरक्षित आहे, आणि गुरुजींच्या मते तेच बरं.

साहेबांचा विषय निघाला की ते थेट कल्याणीला पोचतात. इंग्रज ज्याला गळकऱ्यांचा ग्रंथ मानतात, ते वॉल्टनचं पुस्तक १६५३ चं. आणि आपल्या उदगीरच्या शेजारी, आजच्या बसवकल्याणला, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' सिद्ध केला तो ११२९ च्या सुमारास. त्यात मत्स्यविनोद असं एक अख्खं प्रकरण आहे. मासे किती जातींचे, त्यांना चारा काय घालावा, गळ आणि दोर कसा असावा, सगळं. राजानं हे लिहिलंय म्हटल्यावर गुरुजींना एकदम सरकारी मंजुरी मिळाल्यासारखं वाटतं. सोमेश्वर मांजरेवर गळ टाकायला यायचा, असंही ते पुढं ठोकून देतात. त्याला आधार काही नाही, पण कुणी विचारत नाही. ऐकणारा एव्हाना निघून गेलेला असतो.

फ्लाय फेकणं ही निराळीच विद्या. फ्लायला वजन नसतं, वजन दोराला असतं; म्हणून दोर फेकायचा आणि फ्लायनं त्याच्यामागं जायचं. काठी कानामागं आणून थांबायचं, मागं दोर सरळ झाला की पुढं झटका. म्हणजे पाठीमागं चांगली पंचवीस-तीस फूट मोकळी जागा हवी. विष्णुपुरीच्या शंकरसागरावर पाठीमागं बाभळी असतात, म्हशी असतात आणि रविवारी फोटो काढणारी जोडपी. एकदा झटक्यासरशी एका मेंढपाळाचा पटका उचलला गेला आणि उलगडत पाण्याकडं निघाला.

"गुरुजी, मला मासा समजलाव का?"

"हलू नका," गुरुजी वळूनही न बघता म्हणाले, "गाठ तुटंल."

नांदेडच्या गुरुजींना निदान गोदावरी आहे. लातूरच्या गुरुजींनी २०१६ चा उन्हाळा काढला. मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी, १२ एप्रिलला मिरजेहून १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी आली. हाताची सवय मोडू नये म्हणून ते मांजरेच्या कोरड्या पात्रात घमेलं मांडून त्यात फ्लाय टाकायचा सराव करायचे. काठी घेऊन कोरड्या नदीत एकाग्र उभा असलेला म्हातारा! लोक त्यांना पाणाडी समजले. एक शेतकरी दोन दिवस लांबून बघत होता. तिसऱ्या दिवशी नारळ घेऊन आला. "किती फुटावर लागंल?" घमेलं जिथं होतं तिथून जवळच त्यानं पुढं बोअर घेतला म्हणतात. कोरडा गेला. गुरुजी आजही त्या शेताच्या रस्त्यानं जात नाहीत.

मासे लागतात का? लागतात. चिलापी फ्लायला हमखास येते. रोहू-कटल्याला मात्र कणकेचा गोळाच प्रिय, तो हिंग लावून असला तर अधिकच. गुरुजींचा जीव अडकलाय मरळेत. मरळ हवा घ्यायला वर येते, शेवाळाच्या कडेनं बेडकावर झडप घालते. म्हणून त्यांनी म्हशीच्या केसांचा बेडूक बांधलाय. पण पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा खदखदताना दिसला की काठी खाली. त्याखाली आई-बाप राखणीला असतात आणि त्या वेळी ते कशावरही तुटून पडतात, म्हणून पोरं मुद्दाम तिथंच गळ टाकतात. मरळेला हैदराबादच्या बाजारात भाव आहे, त्यात मृगाला दम्याच्या औषधासाठी तिथं तिची पिल्लं लागतात. बाकी सगळ्या बाबतीत थट्टेला बसणारे गुरुजी इथं एकदम शाळेतले गुरुजी होतात, आणि पोरं मुकाट्यानं दोर गुंडाळतात. मला हा माणूस आवडतो तो याच जागी.

तलाव मच्छीमार सोसायटीकडं ठेक्यानं असतो. गुरुजी नियमाचे पक्के, आधी पावती मागणार. सोसायटीच्या कारकुनाची पंचाईत झाली, कारण पावतीपुस्तकात या उद्योगाला रकानाच नव्हता.

"मासे धरणार?"

"हो."

"नेणार?"

"नाही. परत सोडणार."

"जिवंत?"

"जिवंत."

कारकुनानं पेनचं टोपण चावत बराच विचार केला आणि पावती फाडली. ती गुरुजींनी टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. तपशिलापुढं स्वच्छ अक्षरात लिहिलंय : मत्स्यबीज सोडणे.