सेटिंग आपोआप बदलते

घरच्या कॉम्प्युटरची सेटिंग दोन प्रकारची असते: मुळात आलेली आणि आपोआप बदललेली. घरातल्या कुणीतरी बदललेली, हा तिसरा प्रकार पुस्तकांतून आढळतो. घरात त्याची कबुली सहसा कुणी देत नाही.

पहिला बळी वॉलपेपरचा. विंडोज एक्सपीबरोबर 2001 साली आलेली हिरवी टेकडी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीतली, चार्ल्स ओरिअर यांनी 1996 साली टिपलेली. मराठी घरात ती आठवडाभर टिकली तर खूप. तिच्या जागी गणपती तरी येतो, नाहीतर नातू. नातवाचा फोटो उभा, पडदा आडवा. 'स्ट्रेच' हा पर्याय निवडला की पोर दोन्ही बाजूंनी रुंदावतं आणि 'कसं बाळसं धरलंय!' म्हणून आजी पडद्यावरूनच दृष्ट काढते. ही सेटिंग दुरुस्त करण्याची हिंमत कुणी करत नाही.

कीबोर्डाचे उपद्रव अधिक गूढ. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी की' हवी का, असं मशीन विचारतं. एका हाताने टाइप करणाऱ्यांसाठी ही उत्तम सोय. पण तिला व्हायरस समजून ताबडतोब प्लग उपटणारे कमी नाहीत. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण एकत्र दाबले की अख्खा पडदा उलटा होतो. वरचा बाण दाबून तो सुलट होतो हे कळेपर्यंत मॉनिटरच उलटा करून पुस्तकांच्या टेकूवर उभा केला जातो.

सगळ्यात मोठा घोळ मात्र घड्याळाचा. कॉम्प्युटर बंद असताना त्याचं घड्याळ चालतं ते मदरबोर्डावरच्या सीआर 2032 या 3 व्होल्टच्या चपट्या सेलवर. प्लग चालू ठेवला तर वीज बोर्डातून मिळते आणि सेलवर भार पडत नाही. पण गॅस, नळ आणि बोर्डावरची झाडून सारी बटणं बंद केल्याशिवाय मराठी माणसाचा डोळा लागत नाही. सेल बिचारा रोज रात्रपाळी करतो आणि काही वर्षांनी राम म्हणतो.

मग सकाळी मशीन सुरू होतं ते कुठल्यातरी जुन्या सालच्या 1 जानेवारीला. ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र तपासतो. त्याच्या हिशेबाने प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो बँकेपासून बातम्यांपर्यंत सगळ्यांना दारातूनच परत पाठवतो. घरात निदान होतं: 'नेट गेलं.' नेटवाला येतो, वायर बदलतो, राउटर बंद-चालू करतो, चहा घेतो, जातो. कोपऱ्यातली तारीख कुणी बघत नाही. तारखेसाठी भिंतीवर कालनिर्णय असतं.

यावर ओळखीतला हुशार भाचा एकच औषध सांगतो: फॉरमॅट मारा. फॉरमॅटने घड्याळ सुधारत नाही, कारण सेल तोच. उलट युनिकोडपूर्वीचे मराठी फॉन्ट पुसले जातात आणि कन्येचा बायोडेटा उघडला की जन्मवेळेपासून मामाकुळापर्यंत सगळं रोमन अक्षरांच्या कडबोळ्यात दिसतं. मजकूर शाबूत असतो. फॉन्ट परत टाकला की मामाही परत येतात. वीसेक रुपयांच्या आसपास मिळणारा सेल आधी बदलला असता तर एवढी वेळ आली नसती. तो घड्याळवाल्याकडेही मिळतो.

उरली साफसफाई. ती बहुतेक घरांत वर्षातून एकदा, दसऱ्याला. कॅबिनेटवरून फडकं फिरतं, मॉनिटरला झेंडूची माळ पडते, कीबोर्डात चार अक्षता शिरतात. अक्षता ब्रशने निघतात. हळदकुंकू मात्र कॅबिनेटच्या बाजूला वाहावं. पुढच्या जाळीवर वाहिलेलं पंखा आत ओढून घेतो.