एचपी पुरे, तास सांगा

गाडीवेड्यांच्या गप्पांत पहिला प्रश्न ठरलेला: एचपी किती? हल्ली त्याला दुसरा जोडला गेलाय: पार्ट थ्रीडी प्रिंटेड आहे का? दोन्ही उत्तरं ऐकून माना डोलतात आणि विचारायला हवा तो तिसरा प्रश्न राहूनच जातो: हा पार्ट तपासला कुणी, कसा आणि किती तास?

टर्बो इंजिनाचा आकडा वाढवणं आज सोपं झालंय. एक्झॉस्टचे गरम वायू टर्बाइन फिरवतात, त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, जादा हवेत जादा इंधन जळतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि तत्त्व अजून तेच आहे. बूस्ट चढवला की ताकद चढते. तिच्याबरोबर उष्णताही चढते आणि तिचा मार बसतो पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर. मोठ्या ताकदीच्या इंजिनाची खरी झुंज या उष्णतेशी असते. धातूच्या प्रिंटिंगचं मोलही इथेच आहे.

पोर्शने २०२० साली माले आणि ट्रुम्फ या कंपन्यांबरोबर केलेलं काम पाहा. ९११ जीटी२ आरएस या गाडीचं दोन टर्बोंचं इंजिन मुळात ७०० अश्वशक्तीचं. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पूड लेसरने थरावर थर वितळवत पिस्टन तयार केले. सुमारे १,२०० थर, सुमारे १२ तासांचं प्रिंटिंग. कारखान्यातल्या नेहमीच्या घडीव पिस्टनपेक्षा वजन १० टक्क्यांनी कमी भरलं. पण खरी करामत बाहेरून दिसतच नाही. पिस्टनच्या माथ्याच्या पोटात तेल खेळवणारी एक बंद नाळ आहे. नेहमीच्या पद्धतीने ती काढता येत नाही, थर रचतानाच तिची जागा राखावी लागते. त्या नाळेतून तेल फिरतं, माथ्यावरचा उष्णतेचा ताण उतरतो, हलक्या पिस्टनमुळे इंजिनाला जास्त फेरे घेता येतात आणि ज्वलन अधिक नेमकं साधता येतं. या सगळ्यातून मिळाली ती ३० अश्वशक्तीपर्यंतची वाढ.

बहुतेकांच्या लक्षात हा ३०चा आकडा राहतो. माझ्या लेखी मोठा आकडा २००चा आहे. इतके तास हे पिस्टन टेस्ट बेंचवर दमवले गेले. ७,००० आरपीएमला पिस्टन मिनिटाला १४,००० वेळा थांबतो आणि दिशा बदलतो, आणि दर सिलिंडरमध्ये मिनिटाला ३,५०० वेळा जाळ पेटतो. हे तासन् तास सोसून जो शाबूत राहतो, त्यालाच परफॉर्मन्स पार्ट म्हणावं.

बुगाटीने २०१८ साली दाखवलेला टायटॅनियमचा ब्रेक कॅलिपर हाच धडा देतो. ॲल्युमिनियमचा कॅलिपर ४.९ किलोचा होता, हा २.९ किलोचा. प्रिंटिंगला ४५ तास लागले. तिथे काम संपलं नाही. लेसरच्या झटपट तापण्या-निवण्यामुळे धातूत ताण साचतो. तो काढायला कॅलिपर भट्टीत गेला, ७०० अंशांपासून हळूहळू निवत आला. मग नेमक्या मापांसाठी आणखी ११ तास मिलिंग. १,५०० अश्वशक्तीची शिरॉन गाडी ज्या कंपनीने बनवली, ती मशीनमधून निघालेला पार्ट तसाच गाडीला लावत नाही. मग लहान वर्कशॉपने तो का लावावा?

लावू नयेच, कारण प्रिंट केलेल्या धातूचे बरेच दोष पोटात असतात. थर नीट वितळला नाही तर बारीक पोकळी राहते आणि तडा तिथूनच सुरू होतो. खरखरीत पृष्ठभागही तड्याला जागा देतो. आतल्या नाळेत न वितळलेली पूड अडकून राहिली आणि नंतर सुटली, तर तेल तीच पूड बेअरिंगपर्यंत नेऊन पोचवतं. मॅनिफोल्डचा तुकडा निघाला तर तो थेट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणाऱ्या टर्बाइनवर आदळतो. यातलं बहुतेक डोळ्यांना दिसत नाही. निळसर झाक मारणारा टायटॅनियमचा तुकडा बॉनेटखाली छान चमकतो, पण चमक म्हणजे मजबुती नव्हे.

आपल्याकडे कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातले कंपनीने ठरवलेले तपशील बदलतील असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. काहींना हे उत्साहावर पाणी ओतणारं वाटतं. मला ते रास्त वाटतं. न तपासलेला पार्ट एक्सप्रेस वेवर तुटला, तर मागून येणाऱ्या कुटुंबाने त्या प्रयोगाला संमती दिलेली नसते. वेगाची हौस जरूर करा, त्यासाठी कोइमतूरला, चेन्नईला, ग्रेटर नोएडाला ट्रॅक आहेत.

प्रिंटिंग हे इंजिन बनवणाऱ्यांच्या हाती आलेलं फार मोठं बळ आहे आणि आपल्या तरुण अभियंत्यांनी ते मन लावून शिकावं, असं मला मनापासून वाटतं. फक्त शिकताना डिझाइनइतकाच वेळ तपासणीला द्या. आणि विकत घेणाऱ्यांनो, पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी मागा: भट्टीतल्या प्रक्रियेची नोंद, आतल्या पोकळ्या दाखवणारा सीटी स्कॅन आणि टेस्ट बेंचवरचे तास. यातली एक जरी मिळाली नाही, तर तो पार्ट शोकेसमध्ये ठेवा, इंजिनात घालू नका.