साडेपाच किलोंची धुरी

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचं भडगावात कुणाला कौतुक नाही. कपाशीची वेचणी चालू असते, मजूर मिळत नसतात, आणि गिरणेच्या काठावरून येणारा वारा संध्याकाळी कानटोपी शोधायला लावतो. अमेरिकेत मात्र त्या दिवशी थँक्सगिव्हिंग. टेक्ससमध्ये नऊ वर्षं राहिलेल्या माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी ते मनावर घेतलं आणि परसात अख्खी टर्की धुरावर शिजवायला ठेवली. त्याची पहाटेची पाच, आमची दुपारची साडेचार. व्हिडिओ कॉल लागला, आणि पडद्यावर बारा पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचा, पाय बांधलेला एक गुलाबी ऐवज दिसला.

जिजीने, म्हणजे माझ्या आईने, चष्मा पुसला. "आरे भाऊ, हाई कोंबडा शे का बकरा?"

जिजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. तिला त्यातलं काही खायचं नव्हतं, त्यामुळे तिची चौकशी निखळ शास्त्रीय होती. पुतण्यानेही मन लावून उत्तरं दिली. गोठलेल्या पक्ष्याचा बर्फ सुटायला फ्रीजमध्ये तीन दिवस. मग एक रात्र मिठाच्या पाण्यात. (आमच्याकडे नवरदेवाची हळदसुद्धा एका संध्याकाळी उरकते.) मग धुराच्या पेटीत सव्वादोनशे ते अडीचशे फॅरनहाइटवर, पौंडाला अर्धा तास या हिशेबाने, सहा तास. लाकूड हिकरीचं किंवा सफरचंदाचं. देवदाराच्या जातीचं चालत नाही, त्यातली राळ धुराला कडू करते. मांडीच्या आत खुपसलेल्या तापमापकावर १६५ आकडा आला की पक्षी झाला. तो आकडा बसल्या जागी मोबाइलवर दिसतो.

"मंग तू काय करस?" जिजीने विचारलं.

"मी बघतो," तो म्हणाला.

आणि तो खरोखर बघत होता. दर वीस मिनिटांनी झाकण उघडायचा, की आतली सगळी ऊब टेक्ससच्या आभाळात. साडेदहाला आम्ही अंथरुणं घातली तेव्हा त्याचे सहा तास संपले होते आणि आकडा १४० च्या आसपास रेंगाळत होता. जिजीने झोपताना एकदा विचारून घेतलं, "तुना कोंबडा आजून शिजना नही का?" रात्री साडेबाराला फोटो आला. टर्की तांबूस, तकतकीत, एखाद्या जुन्या पॉलिश केलेल्या कपाटासारखी. तिच्याशेजारी पुतण्या, तोही जवळपास त्याच रंगाचा.

मला त्या पक्ष्याची एरवीही दया येते. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा. पोर्तुगीज म्हणतात 'पेरू', आणि हिंदीतही तो पीरू किंवा पेरू होऊन बसला आहे. मराठी माणसाने पेरू धुरावर ठेवला म्हटलं तर लोक फोडीला मीठ-तिखट लावल्याचं विचारतील. खरा तो मेक्सिकोकडचा. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून आणून जहांगीर बादशहाला नजर केला, तेव्हा बादशहा त्याच्या रंग बदलणाऱ्या मानेकडे बघतच राहिला आणि उस्ताद मन्सूरकडून त्याने त्याचं चित्र काढून घेतलं. मुघल दरबारात चित्र, टेक्ससमध्ये धुरी. एवढा मान मिळूनही कुणी त्याला आपल्या गावचा म्हणायला तयार नाही.

डिसेंबरात पुतण्या गावी आला. आल्या आल्या म्हणाला, "काका, मळ्यात भरीत करू. धूर कसा द्यायचा ते आता मला कळलंय."

हे ऐकून जिजी काही बोलली नाही. तिने फक्त वांगी निवडायला घेतली.

आमचं भरताचं वांगं जांभळं नसतं. हिरवं, अंगावर पांढुरक्या रेघा, हातात घेतलं तर आकाराच्या मानाने हलकं, कारण आत बिया कमी. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी मिळालं. पण आसोदा-बामणोदच्या वांग्यांचा तोरा त्याआधीपासूनचा. ते भाजायचं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर. कृषी खातं दरवर्षी सांगतं की हंगाम संपला की पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यात मुक्काम करते. हा सल्ला आम्ही भरीत खाऊन पाळतो.

पऱ्हाटी हिकरीसारखी धुमसत नाही. ती कडकडून पेटते, वांग्याला चहूकडून चाटते आणि पाव तासात राख होते. वांगी आधी टोचलेली असावी लागतात, नाहीतर फटाका होतो. पुतण्याने बॅगेतून तापमापक काढला आणि एका वांग्यात खुपसला. वांग्याने फुस्स केलं. मोबाइलवरचा आकडा १६५ ला न थांबता तडक पुढे निघून गेला. वांग्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "काका, किती झालं की काढायचं?" तो विचारत होता, तोवर जिजीने चिमट्याने देठाजवळ दाबलं, म्हणाली "व्हयनं," आणि वांगं बाहेर.

मग सालं काढणं, हात पोळणं, लाकडी भांड्यात ठेचणं. लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि हिरव्या मिरच्या. या मिरच्याही मूळच्या टर्कीच्याच मुलखातल्या, पोर्तुगीजांबरोबर आलेल्या; फरक एवढाच की त्यांना आम्ही कधी परकं मानलं नाही. सोबत पुऱ्या आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. पुतण्या चौथ्यांदा वाढून घेताना तापमापक राखेत पडला. तो त्याला दुसऱ्या दिवशी आठवला.

परत निघताना त्याने बॅगेत पऱ्हाट्यांची एक मोळी बसते का ते पाहिलं. विमानतळावर काय सांगणार, हा प्रश्न मी विचारला. जिजीने वेगळाच विचारला, "तठे कपाशी नही का?"

पुतण्या गप्प झाला. अमेरिकेत सगळ्यात जास्त कापूस पिकतो तो टेक्ससात. नऊ वर्षं तो त्या राज्यात राहून पैसे मोजून हिकरी आणतो आहे.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. त्याने चौकशी केली होती. बोंडं यंत्राने काढली की तिथे पऱ्हाट्याही यंत्राने चुरतात आणि जमिनीत मिसळून टाकतात. जिजीने सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्या लोके," तिने विचारलं, "वांगं कसावर भुंजतस?"