खांबांसकट स्थलांतर

अंधेरीत आज चर्च बांधायचं म्हणजे आधी समिती, मग आर्किटेक्ट, एफएसआय, अग्निशमनची एनओसी. विटा येण्याआधी समितीलाच वीट येतो.

याच अंधेरीत जेझुइट धर्मगुरूंनी १५७९मध्ये मरोळजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च उभारलं. १८४०मध्ये साथ आली, वस्ती हलली. चर्चनेही मुक्काम हलवला. जुन्या वास्तूतले खांब, मूर्ती, बाप्तिस्म्याचं कुंड, सगळं मरोळच्या नव्या चर्चमध्ये नेऊन बसवलं. ना टेंडर, ना ट्रान्झिट भाडं! आजच्या बिल्डरला हा हिशेब दाखवला तर तो ‘टक्केवारी कुठंय?’ विचारेल.

मागे भिंती उरल्या. त्यांच्याभोवती १९७३मध्ये सीप्झ ही उद्योगवसाहत उभी राहिली, तीही निर्यातीसाठी. मे महिन्यात एकदा मिस्सासाठी भाविकांना आत सोडतात. एरवी पूर्वजांच्या चर्चकडे जायलाही गेटवर पास लागतो.