थर्माकोलच्या मोराची थोरवी

अमरावती आणि अकोला या दोन शहरांत गेल्या काही वर्षांत एक गृहोद्योग भरभराटीला आला आहे, आणि त्याची घ्यावी तशी दखल अजून कुणी घेतलेली नाही. लग्नाच्या दोन दिवस आधी घरातल्या घरात मेहंदीचं 'फंक्शन' ठरतं. डेकोरेशनवाल्याचा दर ऐकून वधूपिता खुर्चीत बसतो आणि घरातल्या मुली जाहीर करतात, "काका, तुमी टेन्शन नका घेऊ, आमी घरीच करतो." या एका वाक्यात काटकसर, कला आणि स्वावलंबन हे तिन्ही गुण एकदम दिसतात. अशा उपक्रमाचं कौतुक करणं हे जबाबदार नागरिकाचं कर्तव्यच आहे.

आधी आपल्या मागासलेपणाची कबुली द्यायला हवी. वऱ्हाडातल्या लग्नघरी पूर्वी सजावट म्हणजे मांडव. भाऊबंद गाडी जुंपून आंब्या-जांभळाचे डहाळे आणत, गल्लीतले चार जण खांब रोवत, बाया पानांची तोरणं ओवत. नवरीला मेंदी शेजारची एखादी बरा हात असलेली पोरगी लावून देई आणि तिच्या हातावर दोन लाडू ठेवले की काम झालं. या पद्धतीतले दोष उघड आहेत. खर्च जवळजवळ शून्य होता. लग्न आटोपल्यावर डहाळे शेळ्या खाऊन टाकत, त्यामुळे सोहळ्याची काही खूण मागे उरत नसे. १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला, पंजाबातल्या अंगणातली मेहंदी आपण डोळे भरून पाहिली, आणि आपल्या अंगणात काय कमी आहे ते आपल्याला कळलं. ही उणीव आपण जिद्दीनं भरून काढली आहे.

या सजावटीचा मानबिंदू म्हणजे थर्माकोलचा मोर. तो कसा घडतो हे जवळून पाहण्यासारखं आहे. शीटवर पेन्सिलीनं आकृती काढायची आणि कटरनं कापायची. कापताना जे पांढरे दाणे सुटतात ते हाताला, केसांना, परकराला चिकटतात. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना कुलर बंद ठेवणं शक्य नसतं, त्यामुळे उरलेले दाणे घरभर उडतात आणि रात्रीच्या वरणातही सापडतात. मग मोराला सोनेरी करायला स्प्रेचा रंग मारायचा. त्या रंगातला द्रावक थर्माकोल खातो. बघता बघता मोराची मान वितळून खाली येते. पोरी खचत नाहीत, भावाला गाडीवर पिटाळून दुसरी शीट आणवतात. ज्या भागात पहिल्या पेरणीवर पाऊस उलटला की दुबार पेरणी करायची सवय आहे, तिथे दुबार मोर करायला असं कितीसं धैर्य लागतं?

कायद्याच्या बाबतीतही या उपक्रमाची भूमिका समंजस आहे. २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि वर कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्रानं देशभर ज्या वस्तूंवर बंदी घातली, त्यांत सजावटीचा थर्माकोल नाव घेऊन आहे आणि फुग्यांच्या प्लास्टिक काड्याही आहेत. सामान्य माणूस अशा वेळी बिचकला असता. आपण मात्र असा अर्थ लावला की बंदी बाजारासाठी आहे आणि घरातलं मंगलकार्य ही खाजगी बाब आहे. दुकानदारही समजूतदार. तो शीट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. त्याच वर्तमानपत्रात बंदीची बातमी छापून आलेली असते, म्हणजे कायद्याची प्रतही घरी पोहोचते.

अकोलेकरांचं तर विशेष अभिनंदन केलं पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये हजारो माणसं मोर्णेच्या पात्रात उतरली, जलकुंभी हातांनी उपसून काढली. पंतप्रधानांनी २८ जानेवारीच्या 'मन की बात'मध्ये त्याचा गौरवानं उल्लेख केला. साऱ्या देशानं नाव घेतलेल्या नदीला रिकामं ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून आता समारंभ संपला की मोर, कमानी आणि 'ब्राइड टू बी'ची अक्षरं नाल्याच्या वाटेनं तिच्याकडे रवाना होतात. अमरावतीकर आपला वाटा अंबा नाल्यात आणि सुकळीच्या कंपोस्ट डेपोत पोहोचवतात. डहाळ्यांसारखं हे चार दिवसांत कुजून जाणारं काम नव्हे. आजच्या नवरीच्या नातीला आजीच्या मेहंदीचा मोर डेपोत जवळजवळ जसाच्या तसा पाहता येईल.

फुलांचा विचारही दूरदृष्टीनं झालेला आहे. खरा झेंडू दुसऱ्या दिवशी मान टाकतो, प्लास्टिकचा टाकत नाही. शिवाय शेतकऱ्याला शिस्त लागते. दसऱ्या-दिवाळीला भाव पडला की झेंडूचे ढीग रस्त्याच्या कडेला टाकून रिकाम्या गाडीनं गावी परतणारा माणूस याच जिल्ह्यांतला असतो, कधी कधी तो नवरीचा मामाच असतो. मेहंदीला भाची त्याला प्लास्टिकच्या माळांच्या पडद्यासमोर उभं करून फोटो काढते. तो हात जोडून उभा राहतो आणि म्हणतो, "फोटोत चांगलं दिसते ना, मंग झालं." शेतीमालाच्या भावावर इतकी संयमी प्रतिक्रिया विधानसभेतही ऐकू येत नाही.

घरातल्या बायांच्या श्रमांबद्दल तर किती बोलावं! चार रात्री जागून, ग्लू गननं बोटं भाजून त्या हे उभं करतात. समारंभाच्या दिवशी त्यांचे डोळे चुरचुरत असतात आणि ज्या नवरीसाठी सगळं केलं तिच्याजवळ निवांत बसायला वेळ उरत नाही, कारण एका पाहुणीचा फोटो झाला की दुसरीसाठी पडदा नीट करायचा असतो. पुरुषमंडळी लाइटच्या माळा जोडतात. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कुलर, माळा आणि मोबाइलचे चार्जर, शेजारी नायलॉनच्या जाळीचे पडदे आणि खाली कुलरचं गळणारं पाणी. आपल्या दैवतांवरच्या श्रद्धेचा याहून ठाम पुरावा शोधून सापडणार नाही.

हे सगळं जिथे घडतं, त्या भूमीची परंपराही आपण नीट जपली आहे. कर्ज काढून सणसमारंभ करू नका, असं खराटा हातात घेऊन गावोगाव सांगणारे गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावचे. लग्नातल्या उधळपट्टीवर बोट ठेवणारे तुकडोजी महाराज इथल्याच गुरुकुंज मोझरीचे. पंजाबराव देशमुखांनी १९२७ मध्ये जातीची भिंत ओलांडून लग्न केलं. या तिघांच्या तसबिरी आपल्या दिवाणखान्यांत असतात. मेहंदीचा गुलाबी पडदा नेमका त्याच भिंतीवर येतो आणि तसबिरी अलगद त्याच्या मागे जातात. कुणी त्या काढून ठेवत नाही, एवढा आदर आपण राखला आहे.

एक गोष्ट मात्र सरळ सांगायला हवी, कारण लग्नाचा मोसम पुन्हा येतो आहे. घरी सजवायची हौस चांगलीच आहे. मुलींच्या हातात कला आहे आणि लेकीचं कौतुक करायचा आईबापाला हक्क आहे. बिघडतं ते बंदी असलेला थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं विकत आणून त्याला 'घरचं' म्हणतो तेव्हा. आंब्याची पानं, मामाच्या वावरातला झेंडू, आजीची जुनी लुगडी, बुरुडाकडून आणलेल्या टोपल्या आणि सुपं, एवढ्यात अंगण सजतं, मोर्णाही वाचते आणि मामाच्या हातात दोन पैसे पडतात. या वेळी तुमच्या घरी मेहंदी असेल तर दुकानात जाण्याआधी मामाला एक फोन करा.